सॅन डिएगोहून ब्लूफिन ट्यूना गरवायला: पहिल्या ट्रिपची तयारी

सॅन डिएगोच्या पॉइंट लोमा धक्क्यावरून हंगामात रोज संध्याकाळी बोटी सुटतात, रात्रभर चालतात आणि ब्लूफिन ट्यूनाच्या मागावर खोल समुद्रात पोचतात. तिकीट काढून त्यांवर कोणीही जाऊ शकतं. स्वतःची बोट लागत नाही, वर्षानुवर्षांचा अनुभवही लागत नाही. तरीही पहिल्यांदा गेलेले बरेच जण मासा गळाला लागूनही हात हलवत परत येतात. कारणं बहुतेक वेळा तीनच असतात: माशाच्या मानाने हलकी दोरी, मरगळलेलं आमिष, आणि झुंज चालू असताना रिळाशी केलेली घाई. या तिन्ही गोष्टी शिकता येतात, म्हणून या लेखात मी त्यांवरच जास्त थांबणार आहे.

मासा कसा आहे

इथे मिळतो तो पॅसिफिक ब्लूफिन. त्याचा जन्म पॅसिफिकच्या पलीकडच्या काठाला, जपान आणि तैवानच्या आसपासच्या समुद्रात होतो. त्यातली काही पिल्लं वर्ष-दोन वर्षांची असताना अख्खा महासागर ओलांडून कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या बाहा किनाऱ्याला येतात, काही वर्षं इथले अँचोव्ही, तारली, माकुल खाऊन वाढतात आणि अंडी घालायला परत पश्चिमेला जातात. आपल्याकडचा कुपा आणि हा एकाच घराण्यातले, पण आकारात तुलनाच नको. इथे पंधरा किलोचा ब्लूफिन लहान समजतात आणि शंभर किलोच्या पुढचेही दरवर्षी निघतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, त्याची नजर फार तीक्ष्ण असते. जाड दोरी दिसली की तो आमिष सोडून देतो. दुसरी, त्याचं रक्त गरम असतं. स्नायूंत तयार झालेली ऊष्णता शरीरातच राखून ठेवणारं रक्तवाहिन्यांचं जाळं त्याला आहे, त्यामुळे थंड पाण्यातही त्याची ताकद ओसरत नाही. आणि याच कारणामुळे मेल्यावर त्याला ताबडतोब थंड केलं नाही तर मांस बिघडतं.

हा मासा जवळजवळ संपत आला होता. २०१० च्या सुमारास अंडी घालणाऱ्या माशांचा साठा मासेमारी नसती तर जेवढा असता त्याच्या दोनेक टक्क्यांवर आला होता. मग पॅसिफिकच्या दोन्ही बाजूंच्या देशांनी पकडीवर मर्यादा घातल्या. अमेरिकेने २०१५ मध्ये हौशी गरवणाऱ्यांची रोजची मर्यादा माणशी १० वरून २ माशांवर आणली. २०२४ च्या मोजणीत साठा २३ टक्क्यांवर पोचल्याचं दिसलं, ठरवलेल्या मुदतीच्या तब्बल दहा वर्षं आधी. आज आपल्याला हा मासा किनाऱ्यापासून इतक्या जवळ मिळतो त्यामागे ही शिस्त आहे. म्हणून दोनची मर्यादा मनापासून पाळा. मोठा मासा असेल तर एकावरच थांबा. नव्वद किलोचा एक ब्लूफिन चार घरांना पुरून उरतो.

कधी जायचं, किती दिवसांसाठी

अलीकडच्या वर्षांत हंगाम साधारण एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत चालतो. पहिल्या ट्रिपसाठी जुलै ते ऑक्टोबर बरा, कारण समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. पण तारीख ठरवण्याआधी बोटींचे रोजचे आकडे बघायची सवय लावा. धक्क्यावरची प्रत्येक कंपनी कोणत्या बोटीवर किती माणसं होती आणि किती मासे मिळाले ते रोज जाहीर करते. नुसता माशांचा आकडा बघू नका, त्याला माणसांनी भागा. समजा पंचवीस जणांत बारा ब्लूफिन निघाले, तर किमान निम्म्यांना काहीच मिळालं नाही. एका दिवसाच्या आकड्यावरही जाऊ नका. आठवडाभर सलग बघितलं की मासा येतोय की पांगतोय ते कळतं.

अर्ध्या दिवसाच्या ट्रिपा ब्लूफिनसाठी नसतात. ‘ओव्हरनाइट’ म्हणजे रात्री निघून दुसऱ्या संध्याकाळी परत. दीड दिवसाची ट्रिप संध्याकाळी निघते, मधला अख्खा दिवस गरवते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी धक्क्याला लागते. नवख्या माणसाला मी दीड दिवसाचीच सांगेन. मोठे ब्लूफिन बऱ्याचदा अंधारात खातात, आणि दीड दिवसाच्या ट्रिपमध्ये पहाट, दुपार आणि संध्याकाळनंतरचा अंधार असे सगळे प्रहर हाताशी येतात. बोट सॅन क्लेमेंटी बेटाकडे, टॅनर आणि कोर्टेस बँकेकडे (बँक म्हणजे समुद्रातला उथळ उंचवटा) किंवा दक्षिणेला मेक्सिकोच्या पाण्यात जाऊ शकते. कुठे जायचं ते कप्तान शेवटच्या क्षणी ठरवतो, आणि ते त्यालाच ठरवू द्यावं.

बोट निवडताना

दोन प्रकार आहेत. वीस-तीस अनोळखी माणसं एकत्र जातात ती ‘ओपन पार्टी’ बोट, आणि आपल्याच कंपूसाठी अख्खी घेतलेली खासगी चार्टर. छोट्या खासगी बोटीवर जास्तीत जास्त सहा प्रवासी असतात, म्हणून तिला ‘सिक्स पॅक’ म्हणतात. मित्रमंडळी असतील तर सिक्स पॅकचा मोह होतो, पण मोठ्या बोटीचे फायदे बघा: झोपायला बंक, गरम जेवण, समुद्रपाण्याने भरलेली शीतटाकी, चार-पाच खलाशी आणि हलणं कमी. बोट लागण्याची भीती असेल तर मोठीच घ्या.

ओपन पार्टी बुक करताना एकच प्रश्न विचारा: जास्तीत जास्त किती माणसं घेणार? पंचवीस जणांची क्षमता असलेली बोट अठरावर थांबणार असेल तर तिकीट महाग पडतं, पण कठड्याशी जागा मिळते आणि दोऱ्या एकमेकांत गुंतत नाहीत. तो जादा पैसा सत्कारणी लागतो. दीड दिवसाच्या ट्रिपला माणशी साधारण चारशे ते सहाशे डॉलर धरून चला. इंधनाच्या भावाप्रमाणे हा आकडा हलतो. जेवण त्यात आहे की वेगळं, हे आधीच विचारून घ्या. शाकाहारी असाल तर तेही बुकिंगलाच सांगा.

कागदपत्रं

सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला कॅलिफोर्नियाचं मासेमारी लायसन्स लागतं. ते ऑनलाइन मिळतं, एक-दोन दिवसांचंही असतं. बोट मेक्सिकोच्या हद्दीत जाणार असेल तर तिकडचा परवाना बहुतेक वेळा कंपनीच काढून देते, पण पासपोर्ट जवळ हवाच. आपल्यापैकी बरेच जण इथे व्हिसावर आहेत. बोट मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागत नसली तरी तुमच्या व्हिसाचा प्रकार सांगून काय कागद लागतील ते बुकिंग ऑफिसकडून आधी स्पष्ट करून घ्या, आणि मूळ कागद पाणी न शिरणाऱ्या पिशवीत न्या. शंका राहिली तर अमेरिकेच्या पाण्यातच राहणारी ट्रिप निवडा. आणखी एक: हौसेखातर पकडलेला मासा कॅलिफोर्नियात विकता येत नाही. वाटा, खा, पण विकू नका.

काठी, रिळ, दोरी

नव्या माणसाने पहिल्या ट्रिपला सामान विकत घेऊ नये. धक्क्यावरच भाड्याने चांगला संच मिळतो. पण काय मागायचं ते माहीत हवं. दोन संच घ्या. एक ४० पौंडी, म्हणजे तेवढा ताण पेलणाऱ्या दोरीचा, जिवंत आमिष टाकायला. दुसरा ८० ते १०० पौंडी, रात्रीच्या जिगसाठी, म्हणजे धातूच्या जड नकली आमिषासाठी. मासे मोठे निघत असतील तर कंपनीचा माणूस १३० पौंडी सुचवेल; त्याचं ऐका.

इथेच पहिली चूक होते. हलक्या दोरीला मासा लवकर लागतो हे खरं आहे, कारण त्याला ती कमी दिसते. म्हणून लोक २५-३० पौंडीवर उतरतात, मासा लागतो, तासभर ओढतो आणि तुटून जातो. तुटलेला मासा तोंडात गळ घेऊन जातो आणि तेवढा वेळ बाकीच्यांच्या दोऱ्या अडवून ठेवतो. आमिष चांगलं असेल तर ४० पौंडीलाही ब्लूफिन खातो. ४० च्या खाली जायचं ते फक्त खलाशाने सांगितलं तरच.

रिळावरची मुख्य दोरी विणलेली असते; तिच्या टोकाला दोन-तीन हात फ्लोरोकार्बनची दोरी जोडतात, कारण ती पाण्यात कमी दिसते. गळ वर्तुळाकार, म्हणजे सर्कल हूक. रिळाला दोन गती असतात, आणि खोलवरून जड मासा उचलताना हळू गतीच कामाला येते. ती कशी बदलायची ते बोटीवर चढण्यापूर्वी अंधारातसुद्धा जमेल इतकं घोटून घ्या. ड्रॅग, म्हणजे किती जोर लागल्यावर रिळाने दोरी सोडायची ते माप, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशाइतकं ठेवतात: ४० पौंडीला १० ते १२, ८० ला २० ते २५. हे हाताने अंदाजे लावू नका. भाड्याच्या दुकानात तराजूला बांधून लावून घ्या.

पोट आणि पिशवी

बोट लागण्यावरचं औषध बोटीवर चढल्यावर नाही, आदल्या रात्रीच सुरू करायचं. मेक्लिझिनच्या गोळ्या दुकानात मिळतात; कानामागे लावायच्या पट्टीला डॉक्टरची चिठ्ठी लागते. रात्री तेलकट खाऊ नका, दारू नको. आलेपाकाच्या वड्या खिशात असू द्या, त्यांनी खरंच बरं वाटतं. मळमळू लागलं तर आत बंकवर जाऊन पडू नका. मोकळ्यावर या आणि क्षितिजाकडे बघत उभे राहा.

पिशवीत काय: पाणी न शिरणारे बूट, गरम जाकीट (पॅसिफिकची रात्र ऑगस्टमध्येही गारठवते), कपाळाला लावायचा दिवा, बोटांना गुंडाळायची पट्टी, पक्कड, टोपी, पोलराइज्ड (पाण्यावरची चमक कापणारा) चष्मा, बदलायचे कपडे. केळी नेऊ नका. बोटीवर केळं म्हणजे अपशकुन, ही इथली जुनी समजूत आहे आणि खलाशी ती मनापासून पाळतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमा झाल्याखेरीज होडी लोटत नाहीत, तशीच ही श्रद्धा. तिचा मान ठेवावा.

बोटीवर चढल्यावर

तुम्हाला एक नंबर मिळतो. तो पाठ करा. तुमच्या माशाला त्याच नंबराची पट्टी लागणार, आणि पतंगावर गरवायची (ते पुढे सांगतो) पाळीही नंबरानेच येणार. सगळ्यात वजनदार माशासाठी काही डॉलरचा ‘जॅकपॉट’ लावतात. भाग घ्यायचा की नाही ही तुमची मर्जी. बंदरातून निघताना बोट आमिषाच्या तराफ्याशी थांबते आणि जिवंत तारल्या टाक्यांत भरून घेते. मग खलाशी सगळ्यांना जमवून सुरक्षेच्या आणि गरवायच्या सूचना देतो. त्या वेळी झोपायला जाऊ नका. ‘मी पहिल्यांदा आलोय’ असं त्याला स्पष्ट सांगा. यात कमीपणा काहीच नाही. उलट दिवसभर त्याची नजर तुमच्यावर राहते. मग मात्र झोपा, कारण ‘उठा’ अशी हाक कधीही येईल.

अंधारातला जिग

कप्तान सोनार या ध्वनिलहरींच्या यंत्रावर मासे किती खोल आहेत ते बघून ओरडतो, ‘अडीचशे फूट!’ अंधारात चमकणारा दोन-तीनशे ग्रॅमचा चपटा जिग सोडायचा. विणलेल्या दोरीचा रंग ठरावीक अंतरावर बदलतो, त्यावरून खोली मोजा. जिग डुलत डुलत खाली जातो आणि मासा त्याला बहुतेक वेळा खाली जातानाच घेतो. म्हणून अंगठा रिळावर हलका ठेवून लक्ष दोरीवर. एकसारखी सुटणारी दोरी अचानक थांबली, ढिली पडली किंवा भसकन वेगाने सुटू लागली, तर तो मासा. लगेच रिळ गिअरमध्ये टाका आणि वजन जाणवेपर्यंत भराभर गुंडाळा. ‘खरंच लागलं का?’ असा विचार करत बसलात तर मासा जिग थुंकून गेलेला असतो.

जिवंत तारली

उजाडल्यावर खरा खेळ आमिषाचा. टाकीतून तारली निवडताना घाई करू नका. हिरवट पाठीची, खवले शाबूत असलेली, टाकीत सगळ्यात जोरात पळणारी घ्या. नाकाला लाली आलेली, खवले झडलेली नको. हात ओला करून धरा, दाबू नका. नाकपुड्यांच्या पुढच्या कडक भागातून गळ आडवा घाला. पाण्यात पडल्यावर ती बोटीपासून लांब पळाली तर ठीक. तिथेच गरगरत राहिली किंवा बोटीखाली शिरली तर लगेच बदला. दोनेक मिनिटांत काही झालं नाही तरीही बदला. चांगले गरवणारे दिवसभरात असंख्य तारल्या बदलतात, आणि नवखा माणूस एकाच अर्धमेल्या तारलीवर आशा लावून उभा राहतो. दुसरी चूक ती हीच.

उभं राहायचं ते वारा तोंडावर येईल त्या कठड्याशी. वाऱ्याने बोट मागे सरकते आणि तुमची दोरी पुढे मोकळी राहते. उलट्या बाजूला टाकलीत तर ती बोटीखाली जाईल. रिळ मोकळं, अंगठा अगदी हलका. मासा आमिष घेतो तेव्हा दोरी एकदम धावू लागते. मनात दोन-तीन मोजा, ड्रॅगचा दांडा हळू पण न थांबता पुढे न्या आणि दोरी आपोआप ताणली जाऊ द्या. काठीला हिसका देऊ नका. सर्कल हूक जबड्याच्या कोपऱ्यात स्वतःहून बसतो. हिसक्याने तो तोंडातून निसटून येतो.

दुपारी वारा असेल तर खलाशी पतंग उडवतात. पतंगाला दोरी अडकवून उडणारा मासा पाण्याच्या पृष्ठभागावर नाचवतात. दोरी पाण्यात बुडतच नाही, त्यामुळे सावध ब्लूफिनही फसतो. इथे नंबराप्रमाणे पाळी येते. आपली पाळी आली की हातातलं सगळं सोडून जा.

झुंज

पहिल्या धावेत काहीही करायचं नाही. मासा शंभर-दोनशे हात दोरी घेऊन जाईल, घेऊ द्या. ड्रॅग घट्ट करायची इच्छा होईल. करू नका, आणि धावत्या रिळाला अंगठा तर लावूच नका. दोरी कायम तुमच्या नाकासमोर हवी. मासा डावीकडे गेला तर तुम्हीही कठड्याला धरून डावीकडे सरका. दुसऱ्याच्या दोरीशी आडवे आलात तर खलाशी ‘वरून’ किंवा ‘खालून’ सांगतो; त्याप्रमाणे काठी शेजाऱ्याच्या दोरीवरून किंवा खालून पलीकडे द्या आणि चालत राहा.

मोठा मासा हातांच्या जोरावर उचलता येत नाही. काठीचा मधला भाग कठड्यावरच्या गादीवर टेकवा आणि कठड्यालाच भार घेऊ द्या. बूड किंचित दाबलं की टोक उठतं, सोडताना एक-दोन फेरे गुंडाळा. असे लहान लहान फेरे, हळू गती.

शेवटी मासा थकून बोटीखाली मोठ्या वर्तुळात फिरू लागतो. सगळ्यात जास्त मासे इथे सुटतात. प्रत्येक फेरीत तो थोडा वेळ तुमच्याकडे येतो आणि थोडा वेळ लांब जातो. येताना दोरी भराभर घ्या, जाताना फक्त धरून ठेवा. पाण्यात खाली चंदेरी-हिरवी झाक दिसली की मोठ्याने ‘कलर!’ ओरडा, खलाशी लांब दांड्याचा आकडा, म्हणजे गॅफ, घेऊन येतो. आता लोकांना वाटतं झालं, आणि ते जोर लावून माशाचं डोकं पाण्याबाहेर काढतात. डोकं बाहेर आलं की तो झटका देतो आणि गळ फाटून निघतो. डोकं पाण्यातच राहू द्या, एक पाऊल मागे व्हा, खलाशाला जागा द्या. मासा डेकवर येईपर्यंत रिळ मोकळं सोडू नका. आकडा निसटला तर दोरी ताणलेली हवी.

मांसाची निगा

खलाशी मेंदूत टोचा मारून मासा लगेच शांत करतो, कल्ल्याजवळ कापून रक्त काढतो, आणि तुमच्या नंबराची पट्टी लावून मासा शीतटाकीत सोडतो. हे तिथल्या तिथे व्हायलाच हवं. लांबलेल्या झुंजीने मासा आतून तापलेला असतो. उशीर झाला तर मांस फिकट, पाणचट आणि आंबूस होतं. छोट्या बोटीवर शीतटाकी नसेल तर भरपूर बर्फ आहे ना, हे निघतानाच बघून घ्या.

बोटीवर कापून घेणार असाल तर कॅलिफोर्नियाचा नियम सहा तुकड्यांचा आहे: पाठपोटाचे चार लांब तुकडे, दोन्ही पर लागलेली मानेची कमान, आणि परांसकट पोटाचा भाग, हे सगळं प्रत्येक माशासाठी वेगळ्या पिशवीत. त्यावरून निरीक्षकाला माशाची जात ओळखता येते. धक्क्यावर कापून, व्हॅक्यूममध्ये बंद करून, गोठवून देणाऱ्या सेवाही आहेत. विमानाने परतणाऱ्यांना त्या सोयीच्या. खलाशांना तिकिटाच्या १५ ते २० टक्के टिप द्यायची पद्धत आहे, मासा मिळाला नाही तरीही. रात्रभर ते जागे असतात आणि त्यांच्या कमाईचा मोठा भाग हाच असतो.

घरी आणल्यावर

बंदरापासून फ्रीजपर्यंत मासा बर्फातच राहायला हवा. ट्यूना कोमट राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून किंवा गोठवून जात नाही, आणि खाल्ल्यावर अंग लाल होऊन खाज सुटते, डोकं दुखतं. जिभेला मिरीसारखं चुरचुरलं तर तो तुकडा टाकून द्या. मोठ्या ब्लूफिनमध्ये पाराही बराच असतो, म्हणून गर्भवतींनी आणि लहान मुलांनी हा मासा टाळलेला बरा, बाकीच्यांनीही रोज खाऊ नये.

मधली काळपट लाल पट्टी काढून टाका, उग्र वास तिचाच असतो. कुप्याच्या सवयीने याला तिरफळाच्या आमटीत उकळू नका, कोरडा होतो. बोटभर जाड काप करा, मीठ-लिंबू, मालवणी मसाला, बारीक रवा. तापलेल्या तव्यावर प्रत्येक बाजूला मिनिटभर, आत गुलाबी राहील इतकंच. आमटी करायचीच तर मानेच्या कमानीची करा, तिथे चरबी असते आणि शिजूनही मांस मऊ राहतं. गोठवलेला तुकडा वापरायच्या आदल्या रात्री पिशवी फोडून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, आणि सकाळी सुटलेलं पाणी फडक्याने टिपून घ्या.